चिपळूणला घर बांधायचं आहे : वाशिष्ठी, पाऊस आणि मळ्याची जमीन याबद्दल सांगाल का?

सोनचाफा_पुणे | 28 मे, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. यजमान पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांचं आजोळ चिपळूणचं, त्यामुळे उरलेलं आयुष्य तिथेच काढायचं असं ते कितीतरी वर्षं म्हणताहेत. आता एक जागा सांगून आली आहे. 11 गुंठे, गोवळकोटच्या बाजूला, रस्त्याला लागून. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे भात व्हायचं. आता अर्ध्या जागेत मुरुमाचा भराव टाकलाय आणि उरलेल्या अर्ध्यात अजून बांध दिसतात.

मध्यस्थ म्हणतो, "इथे पाणी येत नाही, 2021 चा पूर अपवाद होता." माझा जन्म सोलापूरचा, संसार पुण्यात झाला. नदीकाठी राहायची सवय नाही आणि कोकणातला पाऊस पाहिलाय तो गणपतीत चार दिवस. नदी कशी वागते, पाऊस किती, उन्हाळा कसा, घरात ओल किती राहते, सगळंच विचारायचं आहे. तिथे राहणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगावं.

---

गोवळकोटकर | 28 मे, रात्री 11.15

ताई, विचारलंत हे फार बरं केलंत. जन्म इथलाच, वय 61, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते आणि दाभोळ-अंजनवेलला समुद्राला मिळते. नदी तशी लहान आहे. गोदावरी, कृष्णेसारखा शेकडो किलोमीटरचा प्रवास तिला नाही. सगळी उंची ती सुरुवातीच्या थोड्या अंतरातच उतरते. घाटमाथ्याची कड सरासरी हजार मीटरच्या आसपास आणि आपलं शहर जवळजवळ समुद्रसपाटीला. म्हणजे डोंगरातून धावत आलेलं पाणी चिपळुणात येऊन एकदम सपाटीवर पडतं. वेग गेला की पाणी आडवं पसरतं आणि बरोबर आणलेला गाळ टाकून देतं. चिपळूणची सपाट जमीन या गाळानेच बनली आहे. तुम्ही बघितलेला मळासुद्धा.

दुसरं, इथपर्यंत भरती पोचते. गोवळकोटचा धक्का हे जुनं बंदर. दाभोळच्या खाडीतून गलबतं इथवर यायची, इथून माल कुंभार्ली घाटाने वर देशावर जायचा. खाडीचं शेवटचं टोक आणि घाटाचा पायथा इथे जवळ आले म्हणून पेठ वसली. ज्या गोष्टीमुळे गाव मोठं झालं तिनेच ते बुडतंही. वर डोंगरात कोसळतोय आणि खाली भरती चढतेय, असं एकाच वेळी झालं की नदीला पुढे वाट राहत नाही. समुद्राचं खारं पाणी काही बाजारात येत नाही. नदीचंच पाणी तुंबून मागे फिरतं, आणि शहरातून वाहत येणारी शिवनदी वाशिष्ठीत शिरू शकत नाही म्हणून तीही उलटी फुगते.

भरती दर साडेबारा तासांनी येते आणि अमावस्या-पौर्णिमेला तिला उधाण असतं. 22 जुलै 2021 ला तिथी होती आषाढ शुद्ध त्रयोदशी. दोन दिवसांनी गुरुपौर्णिमा. आमच्या घरात अजून पंचांग बघूनच पावसाळ्यात सामान माळ्यावर चढवतात.

---

दसपटीचा_मळा | 29 मे, सकाळी 6.50

काकांनी नदीचं सांगितलं, मी पावसाचं आणि भाताचं सांगतो. आमचं गाव वर दसपटीत, घाटाच्या पायथ्याशी. शेती करतो.

तालुक्यात वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो, डोंगराकडे आणखी जास्त. ताई, तुमच्या सोलापूरला वर्षभरात जेवढा होतो तेवढा आमच्याकडे जुलैच्या एका जोराच्या आठवड्यात होऊ शकतो. नैर्ऋत्येकडून आलेला ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतो, वर चढतो, गार होतो आणि रिकामा होतो. कुंभार्ली ओलांडून पाटणमार्गे कऱ्हाडला जा, तिथे वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास. एका दिवसात दोन्ही बाजू बघून येता येतात.

हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. म्हणूनच इथे भात. दुसरं कुठलंही पीक इतके दिवस पाण्यात पाय ठेवून उभं राहत नाही.

आमचं वर्ष नक्षत्रावर चालतं. उन्हाळ्यात राब भाजायचा : शेण, टाळ, पातेरा, वर बारीक माती, आणि वाऱ्याच्या उलट अंगाने विस्तव. रोहिणी निघाल्या की त्या जागी पेरणी. मृगात तरवा, म्हणजे भाताची रोपं, वर येतो. आर्द्रा, पुनर्वसूत चिखलणी आणि लावणी. पुनर्वसूच्या पावसाला आम्ही तरणा म्हणतो, पुढच्या पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरण्याने दणका द्यायचा, म्हाताऱ्याने रिपरिप करायची अशी समजूत. पण 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021, दोन्ही दिवस म्हाताऱ्यातले. माझी आजी 2005 नंतर पुष्याला म्हातारा म्हणायची बंद झाली. "आता तो म्हातारा राहिला नाय," म्हणायची.

ताई, मळ्याच्या जमिनीबद्दल एकच सांगतो. मळा म्हणजे ज्याच्यात पाणी थांबावं म्हणून शंभर-दोनशे वर्षं माणसांनी सपाट करून, बांध घालून ठेवलेली जमीन. तिथे पाणी येत नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याला विचारा, मग इतकी वर्षं तिथे भात कसं पिकलं?

---

वैनगंगा_काठ | 29 मे, सकाळी 10.05

मी भंडाऱ्याचा. आमचाही धानाचाच मुलूख आणि नदीकाठचं गाव, म्हणून धागा वाचायला थांबलो. तुमच्या तरव्याला आमच्याकडे पऱ्हे म्हणतात, लावणीला रोवणी आणि मळ्याच्या तुकड्याला बांधी. पाऊस मात्र तुमच्या निम्माही नाही, आणि मध्येच खंड पडतो. म्हणून आमच्या पूर्वजांनी तळी बांधली, मालगुजारी तलाव, आम्ही मामा तलाव म्हणतो. तुमच्याकडे इतका पाऊस असून तळी का नाहीत, हे कोणी सांगेल का?

---

जांभा | 29 मे, दुपारी 1.30

@वैनगंगा_काठ, प्रश्न आवडला. मी भूगोल शिकवते.

कोकणाचा मूळ खडक देशावरचाच, बेसाल्ट. पण लाखो वर्षं उष्णता आणि मुसळधार पाऊस मिळाल्यामुळे वरच्या खडकातले विरघळणारे घटक धुऊन गेले आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. तो जांभा. लोहामुळे तांबडा आणि सगळ्या अंगाला भोकं. पाणी धरून ठेवत नाही, पडलं की झिरपून खालच्या झऱ्यांना लागतं किंवा उतारावरून निघून जातं. त्यात दऱ्या अरुंद, उतार उभा. तळ्याला पसरट जागा लागते, ती इथे नदीकाठीच आहे आणि तिथे भात.

त्यामुळे साडेतीन हजार मिलीमीटर पावसाच्या तालुक्यात वरच्या वाड्यांवर मे महिन्यात टँकर जातो. माझ्या शाळेतली मुलं मे महिन्यात हंडे घेऊन झऱ्यावर रांगेत उभी असतात आणि दोन महिन्यांनी त्याच रस्त्यावर दरड आली म्हणून शाळेला सुट्टी असते.

धरणांबद्दलही मनात भीती आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री आमच्याच तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वाडी वाहून गेली, माणसं गेली. अजून जोराचा पाऊस लागला की वरच्या गावांत लोक झोपत नाहीत.

---

पोफळी_निवृत्त | 29 मे, संध्याकाळी 7.20

चिपळूणचा भूगोल सांगताना कोयना सुटून चालणार नाही. माझी सगळी नोकरी त्या प्रकल्पात झाली.

कोयना ही पूर्वेकडची नदी. ती कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागराला जायचं. 1960 च्या दशकापासून तिच्या जलाशयातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात उतरवून पोफळीला वीज करतात. पुढे ते कोळकेवाडी धरणात येतं, अलोऱ्याला पुन्हा वीज होते, आणि शेवटी वाशिष्ठीत सोडलं जातं. यालाच अवजल म्हणतात. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याची मुभा दिली. म्हणजे आपल्या वाशिष्ठीत वर्षभर दुसऱ्या नदीचं पाणी वाहतंय.

याचा फायदा मोठा. कोकणातल्या बहुतेक नद्या मार्चनंतर डबक्यांपुरत्या उरतात, वाशिष्ठी मे महिन्यातही वाहते. शहराचं पिण्याचं पाणी त्यावर आहे. वीजनिर्मिती थांबली की नदीची पातळी लगेच उतरते, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला माहीत आहे.

पुराच्या वेळी या पाण्याचा वाटा किती, यावर 2021 नंतर गावात खूप वाद झाला. त्यात मी पडत नाही. फक्त एक आकडा मांडतो. एका चौरस किलोमीटरवर 200 मिलीमीटर पाऊस पडला तर 20 कोटी लिटर पाणी होतं. वरच्या खोऱ्याचे किती चौरस किलोमीटर चिपळूणच्या पुलाखालून उतरतात ते नकाशावर बघा, म्हणजे धरण नसतं तरी ही नदी काय करू शकते ते कळेल.

---

चिंचनाका_घर | 30 मे, रात्री 12.10

वाचत होते, लिहायचं नव्हतं. पण ताई, "अपवाद" हा शब्द वाचला आणि राहवलं नाही.

2005 चा पूर आला तेव्हा माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस झाला म्हणून सगळं जग मुंबईकडे बघत होतं. इथे आम्ही माळ्यावर होतो. ओसरल्यावर सासऱ्यांनी जिन्याच्या भिंतीवर खिळ्याने रेघ ओढली. सोळा वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती रेघ दाखवायचो, "इथपर्यंत आलं होतं."

2021 ला 21 तारखेला दिवसभर पाऊस. रात्री पागोळ्या तुटतच नव्हत्या, नळ सोडल्यासारखी धार. पहाटे चारला शेजारच्यांनी दार वाजवलं. अंगणात पाणी गुडघ्याला होतं आणि त्याला आवाज नव्हता. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पूर गर्जत येतो असं वाटायचं. गल्लीत तो गुपचूप चढतो, गटारातून, मोरीतून, फरशीच्या सांध्यातून. तासाभरात फ्रीज तरंगायला लागला. सासऱ्यांची रेघ सकाळी साडेसातला पाण्याखाली गेली. त्यांनी ती जाताना पाहिली, एक शब्द बोलले नाहीत.

नंतरचा चिखल वेगळाच. वीतभर जाड, गुळगुळीत, तेलाचा वास. आठ दिवस फावड्याने ओढत होतो. आमचं जुनं वाचनालय, 1864 सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, दोन्ही पुरांत भिजलं. पुस्तकांचे भिजलेले ढीग बाहेर काढलेले पाहिले तेव्हा मी पहिल्यांदा रडले, घरासाठी रडले नव्हते.

तरी आम्ही इथेच आहोत. या गावावर माझा जीव आहे. पण जिथे बांधाल तिथे आजूबाजूच्या जुन्या घरात जाऊन भिंतीवरची रेघ कुठे आहे ते आधी बघा.

---

सोनचाफा_पुणे | 30 मे, सकाळी 8.00

@चिंचनाका_घर, रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

यजमानांनीही वाचलं. ते म्हणतात भराव आणखी पाच फूट वाढवला तर? घर उंच होईल.

---

दसपटीचा_मळा | 30 मे, सकाळी 8.25

ताई, दादांना सांगा, घर उंच होईल हे खरं, पण तुमच्या भरावाने अडलेलं पाणी शेजाऱ्याच्या घरात जाईल. एका एकराच्या मळ्यात सहा इंच पाणी राहिलं तरी सहा लाख लिटर होतं. मळे भरून टाकले की तेवढं पाणी दुसरी जागा शोधतं. महामार्गाच्या दोन्ही अंगांना असे किती एकर भरले गेले ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

---

जांभा | 30 मे, सकाळी 11.40

दादा, हिशोब बरोबर आहे, पण एक अडचण. जुलैच्या शेवटी मळे आधीच भरलेले असतात, लावणी होऊन गेलेली असते. मग ते सहा लाख लिटर नव्याने साठणार कुठे?

---

दसपटीचा_मळा | 30 मे, दुपारी 2.00

मॅडम, मान्य. काठोकाठ भरलेल्या मळ्यात नवं पाणी फार मावत नाही. मी मोठ्या पुराला मळा अडवतो असं म्हणणार नाही. पण मळा पाण्याला पळू देत नाही. एका कुणग्यातून, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यातून, दुसऱ्यात, बांधाच्या तोंडातून तोंडातून उतरतं, त्यात वेळ जातो. काँक्रीटवरून तेच पाणी दोन मिनिटांत नाल्यात. आणि नदी फुगलीच तर पसरायला भात असलं तर भात बुडतं. दोन-तीन दिवस बुडालेलं भात बहुतेक वेळा उठून उभं राहतं. दुकान उभं राहत नाही.

---

गोवळकोटकर | 30 मे, दुपारी 4.45

दोघांचंही पटलं. त्यात नदीच्या पात्राचं घाला. माझ्या लहानपणी जिथे होडी चालायची तिथे मधे बेटं झाली होती, त्यावर झाडं वाढली होती. 2021 नंतर लोकांनी आंदोलन केलं, मग गाळ उपसायला सुरुवात झाली. त्याने फरक पडतो, पण डोंगर दरवर्षी नवा गाळ पाठवतोच. हे काम दर उन्हाळ्यात करायचं आहे, शाकारणीसारखं.

बेटांवरून आठवलं, ताई, नदीत मगरी आहेत. हिवाळ्यात काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. पावसाळ्यात एखादी रस्त्यावरही येते. काठावर कपडे धुवायला उतरू नका एवढंच.

---

घाटावरची_सून | 31 मे, सकाळी 9.30

पुराचं सगळ्यांनी लिहिलं, रोजच्या राहण्याचं मी लिहिते. माहेर सांगलीचं, इथे बावीस वर्षं झाली.

ताई, थंडीचे कपडे पुण्याला ठेवून या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे शाल पुरते. मार्च ते मे मात्र कठीण. रत्नागिरी समुद्रावर असल्याने तिथे वारा लागतो. चिपळूण आत, तिन्ही बाजूंनी डोंगर, हवा कोंडते. पारा पुण्याएवढाच असला तरी घाम वाळत नाही, म्हणून उकाडा दुप्पट वाटतो. आणि ऑक्टोबरला कमी समजू नका. पाऊस गेलेला, जमीन ओली, वर कडक ऊन.

मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, तयारी करायची. मीठ, तांदूळ, कडधान्य, वाळवणं, सुके मासे, लाकूडफाटा सगळं भरून ठेवायचं. जूननंतर मीठ पाघळतं, चपलांवर बुरशी येते, कपाटातल्या रेशमी साड्यांवर ठिपके पडतात. कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. घराला पडवी मोठी ठेवा, छपराची वळचण दोन फूट बाहेर काढा आणि पावसाच्या अंगाची भिंत, म्हणजे नैर्ऋत्येची, जाड ठेवा.

पण पहिल्या पावसात मळ्यात चढणीचे मासे येतात ना, त्या रात्री गावातली पोरं बत्त्या घेऊन निघतात आणि सगळ्या मळ्याभर उजेड हलताना दिसतो. पहिल्या वर्षी मी अंगणात उभी राहून बघत बसले होते. सासूबाईंनी आत बोलावलं नाही, उलट छत्री आणून दिली.

---

पेण_खार | 31 मे, सकाळी 10.15

आमच्याकडे त्याला वलगण म्हणतात! आणि एक पुस्ती : खाडीच्या खालच्या अंगाला, जिथे खारं पाणी लागतं, त्या खाजणात साधं भात होत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेले पनवेल 1, 2, 3 हे वाण खार सोसतात. बांध फुटून एकदा भरतीचं पाणी शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत पीक कमीच.

---

सोनचाफा_पुणे | 28 जून, रात्री 10.20

महिनाभर गप्प होते, कारण तुम्ही सांगितलंत तसं करून आले.

आम्ही आर्द्रांत मुद्दाम चार दिवस जाऊन राहिलो. पाऊस असा की समोरचा डोंगर दुपारी दिसेना. जागेवर गेलो तेव्हा भराव टाकलेल्या अर्ध्यात तळं झालं होतं, पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. उरलेल्या मळ्यात घोट्याएवढं पाणी होतं, पण ते चालत होतं. बांधाच्या कोपऱ्यात एक हातभर रुंद तोंड ठेवलेलं, त्यातून खालच्या कुणग्यात पडत होतं. मी तिथे छत्री धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. पाणी येतंय, थांबतंय, पुढे जातंय. दसपटीच्या दादांनी लिहिलेलं डोळ्यांसमोर होतं.

मग शेजारच्या जुन्या घरात गेलो. आजींनी चहा दिला. यजमानांनी रेघेबद्दल विचारलं तशा त्या उठल्या आणि माजघराच्या दाराच्या वर हात नेला. हात पोचला नाही. नातवाला बोलावून दाखवायला लावलं.

ती जागा आम्ही घेत नाही. परशुरामच्या चढाच्या बाजूला कातळावर एक लहान जागा पाहिली आहे. पाण्याची टंचाई राहील, म्हणून छपराचं पाणी साठवायची टाकी आधी बांधणार, घर नंतर.

---

गोवळकोटकर | 28 जून, रात्री 10.50

ताई, टाकी मोठी बांधा. कातळावर मार्चनंतर विहिरीवर विसंबू नका. आणि दरडीचा उतार मागे नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या. परशुराम घाटात दरडी येतात.

---

सोनचाफा_पुणे | 29 जून, सकाळी 7.15

हो काका, पुढच्या आठवड्यात भूगर्भाचे जाणकार येऊन बघणार आहेत. त्यांचा होकार आला तरच पुढे.

आणि त्या आजींनी विचारलंय की खालचा अर्धा मळा यंदा पडीकच राहणार का. मालक म्हणतो, कोणी करत असेल तर करू दे. दसपटीच्या दादा, तुमच्याकडे जादा तरवा आहे का?

---

दसपटीचा_मळा | 29 जून, सकाळी 7.40

पाच-सहा गुंठ्यांपुरता निघेल. निमगरवा आहे, म्हणजे मध्यम मुदतीचं भात, खोलगट मळ्याला चालेल. तरण्याच्या पावसात लावणी झाली पाहिजे, त्याच्या पुढे उशीर. आजींना म्हणावं चिखलणीला पॉवर टिलरवाला बघून ठेवा, भराव टाकताना बांधाचं तोंड बुजलं असेल तर ते आधी मोकळं करा. मी रविवारी तरव्याच्या मुठी (जुड्या) बांधून टेम्पोत घालतो, गोवळकोटच्या धक्क्यापाशी कोणाला तरी उभं करा.